मौजेच्या शब्दांची कुळकथा

चैत्र आणि आश्विन या दोन महिन्यांच्या नवरात्रांत मनीमाजऱ्याकडे येणाऱ्या वाटा माणसांनी भरून जातात. चंदीगडच्या पूर्वेस, शिवालिकच्या पायथ्याशी वसलेले हे जुने गाव. जवळच मनसादेवीचे देऊळ आहे. मनीमाजऱ्याचे अधिपती गोपालसिंग यांनी ते १८११ ते १८१५ या काळात बांधविले. किल्ल्यातून देवळापर्यंत एक भुयार असून राजा रोज त्या वाटेने दर्शनास जात असे, अशी आख्यायिका तेथे सांगतात. पुढे राजा गेला, राज्य गेले, आणि १९६६ साली पंजाबची पुनर्रचना झाली तेव्हा राजाचे गाव चंदीगडच्या केंद्रशासित प्रदेशात व राजाचे देऊळ हरयाणात अशी वाटणी झाली. देवीच्या भक्तांना तिची दखल घेण्याचे कारण पडलेले नाही. नवस बोलावयाला, फेडावयाला, मुलांचे जावळ काढावयाला लाखो लोक पूर्वीप्रमाणेच येतात, आणि त्यांच्यामागोमाग मिठाईची दुकाने, बांगड्यांचे ढीग, आकाशपाळणे हा सारा संसारही येतो.

या साऱ्याला तिकडे ‘मेला’ म्हणतात. नोकरीच्या निमित्ताने चंदीगडात किंवा शेजारच्या चंडीमंदिर छावणीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या कानाला हा शब्द पहिल्या दिवशी चमत्कारिक लागतो. ‘मेला लगा है’ हे शेजारणीचे उत्साहाचे वाक्य ऐकून घरातली म्हातारी माणसे दचकली, तर त्यांना दोष देता येणार नाही. मराठीत ‘मेला’ ही एकतर दुःखाची वार्ता असते, नाही तर प्रेमाने घातलेली शिवी. वस्तुतः शब्द आपलाच आहे. संस्कृत ‘मिल्’ म्हणजे भेटणे, एकत्र येणे. त्यापासून ‘मेल’ झाला, त्याचा उत्तरेत ‘मेला’ झाला व महाराष्ट्रात ‘मेळा’. एका ‘ळ’काराने आपल्याला केवढ्या अपशकुनातून वाचविले आहे!

गावाच्या नावातला ‘माजरा’ही परका वाटतो खरा, पण ज्याने महाराष्ट्रातली महसुली दप्तरे चाळली आहेत त्याला तो ओळखीचा निघतो. अरबीत ‘झर्’ म्हणजे पेरणी, शेती, आणि ‘मझरा’ म्हणजे शेत, शेतावरची वस्ती. पंजाब-हरयाणात माजरा नावाची गावे पावलोपावली आढळतात. मनीमाजऱ्यासारखे दादूमाजराही चंदीगडच्याच हद्दीत आहे. हाच शब्द आपल्याकडे ‘मजरे’ या रूपाने नांदतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातले मजरे कार्वे हे त्याचे सहज आठवणारे उदाहरण. ‘क्या माजरा है’ यातला माजरा मात्र निराळा. तो अरबी ‘मा जरा’, म्हणजे ‘जे घडले ते’. शेतावरची वस्ती आणि घडलेली हकीकत यांचा उच्चार फारसीच्या वाटेने येताना जवळजवळ एक झाला, इतकेच. चंदीगडच्या आखणीत तेरा हा आकडा वगळलेला होता. अलीकडे, २०२० साली, तो मनीमाजऱ्याला देण्यात आला आणि कागदोपत्री गाव ‘सेक्टर तेरा’ झाले. लोक मात्र अजून मनीमाजराच म्हणतात.

मजरे निघाले म्हणजे ‘मौजे’ निघणारच. सात-बाराच्या उताऱ्यावर, खरेदीखतावर, नोटिशीवर ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ असे लिहिलेले असते. हे ‘मौजे’ अरबी ‘मौजा’चे रूप, त्याचा अर्थ जागा, ठिकाण. गावात मौज असो वा नसो, गाव मौजेच असते. ज्या ‘मौजे’साठी माणसे मेळ्याला जातात तिचे कूळ वेगळे आहे. अरबीत ‘मौज’ म्हणजे पाण्याची लाट. लाट जशी मनास येईल तेव्हा उठते, तशी मनात उठलेली लहर ती मौज. लहर पुरविणे म्हणजे मौज करणे. असा लाटेपासून आनंदापर्यंत तो शब्द वाहत आला. आपल्या ‘लहर’ शब्दानेही हाच प्रवास केला आहे, आणि तोही कोणाकडून उसना न घेता. ‘मजा’ हा शब्द फारसी. मूळ अर्थ चव, रुची. तेव्हा ज्याला मजा वाटत नाही त्याच्या जिभेला चव नाही असे म्हणावयास हरकत नसावी. ‘चैन’ची कथा आणखी गमतीची. हिंदीभाषक ‘चैन’ मागतो तेव्हा त्याला शांती हवी असते, स्वस्थता हवी असते. मराठी माणूस चैन करतो तेव्हा पैसे उधळतो. तरीही ‘त्याच्याविना चैन पडत नाही’ असे म्हणताना आपणही तो जुना, शांत अर्थच वापरीत असतो.

इंग्रजीतील या जातीच्या शब्दांची कुळेही अशीच मनोरंजक आहेत. नाताळात ज्याच्या उच्चाराने सारे वातावरण दुमदुमते तो ‘मेरी’ हा शब्द फार जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखद, रम्य असा होता. परंतु त्याच्याही मागे जे मूळ भाषाशास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे, त्याचा अर्थ ‘आखूड’, ‘थोडका’ असा आहे. लॅटिनमधला ‘ब्रेव्हिस’, ग्रीकमधला ‘ब्राखुस’ हे त्याचे भाऊबंद, आणि दोघांचाही अर्थ आखूडच. आनंदाचा आणि आखूडपणाचा संबंध काय? ज्या गोष्टीने वेळ थोडका वाटतो ती आनंदाची, हा संबंध. जर्मन भाषेने तो उघडच सांगितला आहे. तिथे करमणुकीला ‘कुर्त्सवाइल’, म्हणजे थोडका वेळ, म्हणतात आणि कंटाळ्याला ‘लांगवाइल’, म्हणजे लांब वेळ. संस्कृतातील ‘मुहु’, क्षणभर, हा शब्दही याच मुळापासून आला असे अनेक विद्वान मानतात, आणि ‘मुहूर्त’ त्या ‘मुहु’वरूनच सिद्ध झालेला आहे. तेव्हा लग्नाचा मुहूर्त आणि नाताळची मेरी यांचे दूरचे सोयरेपण आहे. भटजींच्या मुहूर्ताची वाट पाहताना मात्र वेळ थोडका वाटतो असे कोणी म्हणणार नाही.

मराठीने याच कल्पनेतून आपला शब्द स्वतंत्रपणे घडविला आहे. तो म्हणजे ‘करमणूक’. ‘करमणे’ हे ‘क्रमणे’चेच रूप. वाट क्रमावी तसा वेळ क्रमतो, जातो. ज्याच्या संगतीने तो सुखाने जातो ती करमणूक. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला आई ‘करमतं का रे?’ असे विचारते, तेव्हा तिला त्याच्या ख्यालतमाशांची चौकशी करावयाची नसते. त्याचा दिवस सरतो की अंगावर येतो, एवढेच तिला हवे असते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले तेव्हा त्याला ‘करमणूक’ हेच नाव दिले. त्या पत्रात मनोरंजनाबरोबर विचारही पुष्कळ होता, आणि तरी त्या नावात कोणाला कमीपणा दिसला नाही. शब्दाची त्या काळची पत यावरून कळते.

‘वॉसेल’ हा इंग्रजी शब्द आता केवळ नाताळच्या जुन्या गाण्यांपुरता उरला आहे. एके काळी त्याचा अर्थ रात्रभर चाललेली पानगोष्टी, दंगामस्ती असा होता. त्याचे मूळ उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या भाषेत आहे, आणि ते आहे एक साधा आशीर्वाद: ‘सुखरूप ऐस’. पेला उंचावताना हे शब्द म्हणावयाचे; मग हे शब्द म्हणजे तो पेलाच झाला, आणि शेवटी पेल्याभोवतीचा सारा गोंधळ. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. फारसी ‘खुश-हाल’ म्हणजे ज्याची स्थिती चांगली आहे तो. ‘आपली खुशाली कळवावी’ असे पत्रात आपण अत्यंत सोज्ज्वळपणे लिहितो. तोच शब्द ‘खुशालचेंडू’ झाला की त्यात रंगेल, बेफिकीर मनुष्य उभा राहतो. जो खुशाल आहे त्याच्याकडे चैनीखेरीज दुसरा उद्योग नसणार, अशी दोन्ही समाजांची पक्की समजूत दिसते.

परंतु इंग्रजी शब्दांत खरा विचार करावयास लावणारा शब्द ‘रेव्हल’ हा होय. रेव्हल म्हणजे जल्लोष, गावजत्रा, रात्रीचा धिंगाणा. ‘रेबेल’ म्हणजे बंडखोर. हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूची मुले आहेत. मूळ अर्थ बंड करणे, पुन्हा शस्त्र उचलणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्यालाच गोंगाट करणे, आणि मग मौज करणे असा अर्थ आला. राज्यकर्त्यांनाही हे नाते शब्दकोश न उघडता ठाऊक होते. इंग्लंडच्या दरबारात ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ या नावाचा अधिकारी असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या हाती केवळ दरबारी मौजेची व्यवस्था न राहता नाटके तपासून परवानगी देण्याचाही अधिकार आला. शेक्सपिअरची नाटकेही त्या हाताखालून गेली. मौज आणि बंड यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, हे सरकारी टेबलावर जितके कळते तितके इतरत्र कळत नाही.

आता आपल्या ‘तमाशा’कडे यावयाचे. अरबीत ‘म-श-य’ या धातूचा अर्थ चालणे. त्यापासून ‘तमाशी’ म्हणजे सर्वांनी मिळून चालणे, फिरावयास जाणे. फारसीत त्याचा ‘तमाशा’ झाला व अर्थ पडला फिरत फिरत पाहणे, आणि पुढे जे पाहावयाचे तेच. हिंदीत, पंजाबीत ‘तमाशा देखना’ याचा अर्थ आजही पुष्कळसा एवढाच आहे. इंग्रज साहेबालाही शब्द आवडला आणि १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याने त्याला जागा दिली. महाराष्ट्रात मात्र तो एका विशिष्ट कलेचे नाव झाला: गण, गौळण, बतावणी, लावणी, वग. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांची उत्तर पेशवाईतली शाहिरी, त्यानंतरचे पठ्ठे बापूराव, हे सारे त्या एका शब्दाच्या छत्राखाली येते.

‘जत्रा’ ही संस्कृत ‘यात्रे’ची लेक, आणि यात्रेतील ‘या’ धातूचा अर्थ जाणे. म्हणजे जत्रा जाण्यातून आली, तमाशा चालण्यातून आला, मेळा भेटण्यातून आला. हे सारे पायांचे आनंद आहेत. मनसादेवीला अनवाणी जाणारा पंजाबी शेतकरी आणि जेजुरीला पायी जाणारा धनगर यांच्या आनंदाला त्यांच्या त्यांच्या भाषेने पाऊलवाटेचेच नाव दिले आहे.

याच्या उलट ‘जलसा’. अरबी ‘ज-ल-स’ म्हणजे बसणे. ‘मजलिस’ हाही त्याच धातूचा. आपली ‘बैठक’ तर उघडच आहे. बसून घ्यावयाच्या आनंदाला गादी लागते, तक्क्या लागतो, छप्पर लागते, निमंत्रण लागते. चालत घ्यावयाच्या आनंदाला यांतले काहीच लागत नाही. म्हणून तो गरिबाचा. या शब्दांची समाजातील पत पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. बसलेले शब्द बहुधा प्रतिष्ठित राहिले आणि चालणारे शब्द बहुधा हिणवले गेले. ‘काय जत्रा भरवली आहे!’ असे आपण पसाऱ्याला म्हणतो. ‘तमाशा करू नकोस’ असे मुलाला दटावतो. ‘मैफल करू नकोस’ असे कोणी कोणाला दटावीत नाही. लावणीतही बैठकीची लावणी निराळी आणि फडाची निराळी. विदर्भातल्या तमाशाचे तर नावच ‘खडी गंमत’, उभ्या उभ्याने केलेली गंमत. हा काही नियम नव्हे. बैठकीच्या लावणीच्या वाट्यालाही उपेक्षा आली, आणि जलशानेही एकदा घर सोडले होते. सत्यशोधकांचे व पुढे १९३०नंतर आंबेडकरी चळवळीचे जलसे उघड्या मैदानात झाले. तमाशाचाच साचा घेऊन त्यांनी नवा विचार सांगितला. बसण्याचे नाव घेऊन ते गावोगाव चालत गेले. ‘मेळ्या’लाही एकदा अशी प्रतिष्ठा लाभली. १८९४च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर पुण्यात गाणारे मेळे निघाले, आणि त्या शब्दाचा अर्थच काही काळ ‘राष्ट्रीय पदे म्हणणारा मुलांचा संघ’ असा झाला. त्या पदांत काय गायले जाते यावर इंग्रज सरकारची बारीक नजर असे. रेव्हल आणि रेबेल यांचे नाते येथेही सुटले नाही.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न सुटावयास हवा होता. झाले ते असे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी गाऱ्हाणे मांडले, तमाशा सुधार समिती नेमली गेली, बंदी उठली आणि तिच्या जागी परवाना व संहितेची तपासणी आली. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ सालचा. त्याखाली १९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या खेळांना परवाने देण्याचे जे नियम झाले, त्यांच्या शीर्षकातच ‘मेळे व तमाशे यांसह’ असे शब्द आहेत. इंग्रजीत लिहिलेल्या त्या नियमांतही हे दोन शब्द भाषांतर न करता तसेच ठेवले आहेत. ‘करमणूक’, ‘मेळा’ आणि ‘तमाशा’ ही तिन्ही नावे अशी एका ओळीत आली, ती पोलिसांच्या नियमावलीत.

हे करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लावणीच्या नावाखाली पुष्कळ हिणकस चालत असे आणि कलावंत स्त्रियांची पिळवणूकही होत असे. परंतु सुधारणेच्या भरात एक गोष्ट अशी झाली की कलेबरोबर तिचे नावही सुधारावयास घेतले गेले. ‘तमाशा’ मागे पडून ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढे आला. लोकनाट्य शहरातल्या नाट्यगृहांत, खुर्च्यांवर बसलेल्या प्रेक्षकांसमोर होऊ लागले. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली याच नावाखाली आले आणि गाजले. त्याच्या आधीच, १९५९ साली, ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्यात शंभरांहून अधिक आठवडे चालला होता. लोकांना तमाशा हवा होता. फक्त तो तमाशा म्हणून पाहिला असे म्हणवून घ्यावयाचे नव्हते. गावच्या जत्रेत, मातीवर बसलेल्या माणसांसमोर जो राहिला त्यालाच ‘तमाशा’ हे नाव राहिले, आणि त्या नावाबरोबर दटावणीचा अर्थही.

त्याची किंमत कोणी दिली हे विठाबाई नारायणगावकरांच्या चरित्रावरून दिसते. पोटात दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा, १९५७ आणि १९९० साली, गौरविण्यात आले. २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली होती. नंतर २००६पासून राज्य सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पुरस्काराच्या नावात ‘विठाबाई’ आहेत आणि ‘तमाशा’ही आहे, ही त्यातली समाधानाची बाब.

मनीमाजऱ्याला देवीचा मेळा भरतो त्याच चैत्राच्या तोंडाशी, गुढीपाडव्याच्या आधी, जुन्नर तालुक्यातील नारायणगावात तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाची पाटी लागलेली असते. गावोगावचे पंच मोटारीने येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव करतात, नावाजलेल्या फडाची तारीख मिळाली नाही तर हळहळतात, आणि आपल्या गावच्या जत्रेसाठी फड ठरवून जातात. फिरत फिरत पाहणे हा ‘तमाशा’ शब्दाचा मूळ अर्थ तेथे खेळ सुरू होण्याच्या आधीच सार्थ झालेला असतो. २०२० साली साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा या राहुट्यांतले ठरलेले खेळ रद्द झाले आणि कितीतरी कलावंतांना मोलमजुरी धरावी लागली. पुढे जत्रा भरू लागल्या तशा राहुट्याही पुन्हा पडल्या.

फड ठरविण्याच्या त्या व्यवहाराला ‘सुपारी देणे’ म्हणतात. मानाचे आमंत्रण सुपारी ठेवून करावयाचे, या रीतीतून आलेला तो शब्द. वर्तमानपत्रांतून तो आता बहुधा खुनाच्या बातमीत भेटतो. नारायणगावात मात्र सुपारी घेतली, याचा अर्थ अमक्या गावच्या जत्रेला अमक्या रात्री ढोलकी वाजणार, एवढाच आहे.